वेळेवर पोचलेला बंब

माझे वडील आगीच्या बंबावर ड्रायव्हर आहेत आणि माझं सासर उसाचं आहे. आमच्या भागातल्या माणसाला एवढं सांगितलं की तो लगेच हसतो, पुढचं त्याला विचारावंसुद्धा लागत नाही. यात हसण्यासारखं नेमकं काय आणि रडण्यासारखं काय, हे मला मात्र अजून धड कळलेलं नाही. म्हणून एकदा सगळं ओळीने लिहून बघते. लिहिताना उलगडलं तर उलगडलं.

माझं माहेर तालुक्याच्या गावी. मी लहान होते तेव्हा तिथलं अग्निशमन केंद्र म्हणजे पाण्याच्या टाकीखाली एक पत्र्याची शेड, शेडमध्ये एक बंब आणि शेडमागे आमची दोन खोल्यांची क्वार्टर. अण्णा, म्हणजे माझे वडील, आधी नगरपालिकेच्या पाण्याच्या टँकरवर होते. बंब आला तेव्हा तो चालवणार कोण असा प्रश्न पडला. पाण्याने भरलेली गाडी वळणावर अंगावर येते, आणि ती आवरायची सवय गावात फक्त अण्णांना होती, म्हणून त्यांना बंबावर घातलं. आग विझवता येते का, हे त्यांना कोणीही विचारलं नाही. ते त्यांनी पुढे आगींवरच शिकून घेतलं.

हे केंद्र नक्की कशासाठी आहे याचा मला लहानपणी पत्ताच लागत नव्हता. आग कधीतरी लागायची. एरवी बंब रस्त्याच्या मधल्या झाडांना पाणी घालायचा. जयंतीच्या आदल्या दिवशी पुतळा धुवायचा. हायवेवर टँकर उलटून तेल सांडलं की ते धुवायला जायचा. विहिरीत म्हैस पडली, झाडावर मोहोळ उठलं, कोणाच्या घरात नाग निघाला की लोक बंबालाच फोन करायचे. नागाचं बंब काय करणार, हे मी अण्णांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, “कायच न्हाई. पण लाल गाडी दारात उभी राहिली की मान्सं वरडायची थांबत्यात.” शाळेत ‘माझे वडील’ असा निबंध आला तेव्हा मी लिहिलं की माझे वडील झाडांना पाणी घालतात. बाईंना ते फार आवडलं, आणि अण्णा मात्र दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांचे जोडीदार होते चाचा. बाजारपेठेमागच्या मोहल्ल्यात त्यांची कितीतरी पिढ्यांची घरं आहेत. अण्णा गाडी चालवायचे आणि पंप बघायचे, चाचा पाईप धरायचे. ईदेला शिरखुर्म्याचा डबा आमच्याकडे यायचा आणि दिवाळीला आमचा फराळ त्यांच्याकडे जायचा. एरवी दिवसभर दोघं एकमेकांना गाडी पुसण्यावरून बोल लावायचे. पुढे कारेगावच्या बाजूला कंपन्या वाढल्या, त्यांच्या स्वतःच्या चकचकीत गाड्या आल्या, आणि मग आमच्या शेडचीही इमारत झाली. शटर आलं, पाटी आली, कोर्स केलेली कंत्राटी पोरं आली. ती अण्णांना सर म्हणतात. आपल्याला कोणी सर म्हटलं की अण्णा अजूनही मागे वळून बघतात.

थंडीत मात्र बंबाला उसंत नसायची, कारण तो उसाचा हंगाम. इथे बाहेरच्या माणसाला थोडं समजावून सांगायला हवं. ऊस तयार झाला म्हणून शेतकऱ्याला तो मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. साखर कारखान्याने तोड, म्हणजे तोडणीची पाळी, द्यावी लागते, मग तोडणी कामगारांची टोळी येते. तोड लांबली की उसाला तुरे येतात, ऊस पोकळ पडतो, पुढचं पीक अडतं. पण जळका ऊस फार दिवस ठेवता येत नाही, म्हणून कारखाना तो आधी नेतो. त्यामुळे आमच्याकडे काही उसांना आग लागते आणि काही उसांना लावली जाते. मुद्दाम लावली असं कारखान्याला कळलं तर पैशात कपात होते, म्हणून लावणारा कधी लावली म्हणत नाही. वरच्या तारेची ठिणगी पडली म्हणतो. आमच्याकडच्या तारा नेमक्या हंगामातच एवढ्या ठिणग्या का टाकतात, ते त्या तारांनाच ठाऊक.

आता अशा ठिकाणी बंब गेला तर त्याने करायचं काय? विझवलं तर शेतकऱ्याचा डाव मोडतो, आणि न विझवता उभं राहायचं तर मग बंब कशाला? अण्णांनी आणि चाचांनी यावर स्वतःची एक रीत काढली होती. बांधापाशी गाडी उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं आणि मालकाला एवढंच विचारायचं, “मारू का राखू?” मारू म्हणजे पाणी मारून विझवू का. राखू म्हणजे तुमचा जळू देऊन शेजाऱ्याचा तेवढा राखू का. मालक खाली बघून “राखा” म्हणाला की बंब शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन उभा राहायचा आणि उडून येणारी पेटती पाचटं, म्हणजे उसाची वाळकी पानं, तेवढी विझवायचा. कोणाला काही कबूल करावं लागायचं नाही आणि कोणाला खोटंही बोलावं लागायचं नाही. घरी आल्यावर अण्णा आईला सांगायचे, “आज मारला,” नाहीतर “आज राखला.” ते शिकारीला जातात असा माझा कितीतरी दिवस समज होता.

माझं लग्नही बंबानेच जमवलं. माझं सासर भीमेच्या काठी, वडगाव रासाईच्या शिवेला लागून. नदीपलीकडे दौंड तालुका. माझ्या सासऱ्यांची, म्हणजे आबांची, म्हैस विहिरीत पडली होती. अण्णांनी आणि चाचांनी पट्टे बांधून ती वर काढली. आबांनी चहा केला, आणि चहा पिता पिता अण्णांना विचारलं, घरी लग्नाची मुलगी आहे का. ती म्हैस पुढे बरीच वर्षं जगली आणि मी धार काढायला बसले की लाथ मारायची. माझ्या लग्नाला एवढ्या उघडपणे विरोध करणारी ती एकटीच.

नवरा सणसवाडीच्या एका कंपनीत आहे, शिफ्टप्रमाणे कंपनीच्या बसने जातो-येतो. मी गावातल्या मेडिकलमध्ये बसते. शेती आबा बघतात. सुट्टीच्या दिवशी अण्णा एसटीने आमच्याकडे यायचे. पिशवीत बाजारातली मेथी आणि येता येता गार झालेली भजी असायची. ते आणि आबा ओट्यावरच्या खाटेवर बसायचे. दोघंही कमी बोलणारे. सबंध दुपारीत पाऊस, टायर आणि गुडघे एवढ्याच विषयांवर चार वाक्यं व्हायची आणि दोघंही अगदी समाधानाने उठायचे. मला त्या दुपारी फार आवडायच्या. आतून भांड्यांचा आवाज करत मी त्यांची शांतता ऐकत बसायचे. लग्न झालेल्या मुलीला माहेर आणि सासर एका खाटेवर बसलेलं दिसणं ही काय चैन असते, ते ज्यांना मिळालं नाही त्यांना विचारा.

त्या वर्षी तोड लांबली. घरात कुजबुज चालली होती. मी भाकऱ्या घेऊन बाहेर आले की विषय बदलायचा. धाकट्या दिराचं लग्न कुठेतरी जमत असेल, पक्कं झाल्यावर सांगतील, अशी मी माझी समजूत करून घेतली. मला कोणी काही सांगत नसलं की मी स्वतःच एखादं चांगलं कारण शोधून ठेवते. ही माझी जुनी खोड आहे.

एका दुपारी मेडिकलमधून घरी आले तर घरात कोणीच नाही. शेताच्या बाजूला काळा धूर, आणि पाचट पेटल्यावर होतो तसा तडतड आवाज. मी चप्पलसुद्धा न घालता पळाले. आमचा ऊस पेटला होता. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. ज्या घरात मी वाढले तिथे धूर दिसला की एकच गोष्ट करायची असते. मी अण्णांना फोन लावला आणि रडत सांगितलं, “अण्णा, आमचा ऊस पेटला.”

खरं तर फोन केला म्हणून काही बिघडायला नको होतं. तालुक्याच्या गावाहून बंब निघाला तर आमच्याकडे पोचेपर्यंत उसाची राख गार झालेली असते. हे सगळ्यांना माहीत आहे. किंबहुना आमच्याकडे बंबाला फोन करतात तो नुसता दाखवायला, बंब वेळेत पोचणार नाही हे धरूनच. पण त्या दिवशी शेजारच्या गावात कोणा पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर उतरलं होतं. हेलिपॅडवर बंब लागतो, म्हणून अण्णा आणि चाचा सकाळपासून तिथेच होते. हेलिकॉप्टर उडून गेलं होतं आणि ते पाईप गुंडाळत होते, तेवढ्यात माझा फोन गेला.

इकडे मी शेजारच्या सरीत साठलेल्या पाण्यातून बादल्या भरून उसावर फेकत होते. पेटलेल्या उसावर बादली फेकून काय होतं, हे बंबाच्या ड्रायव्हरच्या मुलीला कळायला हवं होतं, पण हात थांबत नव्हते. बांधावर आबा उभे होते, खांद्यावर टॉवेल, चेहरा शांत. सासूबाई होत्या, शेजारचे दोघं-तिघं होते, सगळे हात बांधून. मला वाटलं, यांना धक्का बसलाय. शेजारचे काका म्हणाले, “राहू द्या, सूनबाई, भाजंल.” मी त्यांच्या अंगावर खेकसले, “मग तुम्ही तरी या, बघत काय उभे राहिलात?” कोणी हललं नाही. सगळे आगीकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत होते.

आणि सायरन ऐकू आला. आबांचा शांत चेहरा पहिल्यांदा हलला.

बंब वळणावरून आत आला. अण्णा खाली उतरले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग आबांकडे बघितलं. मग शेताच्या कडेने एकदा नजर फिरवली. आता ते विचारतील म्हणून आबा दोन पावलं पुढे आले, पण अण्णांनी काही विचारलंच नाही. चाचा पाईप ओढत म्हणाले, “राखायचं ना?”

“मार,” अण्णा म्हणाले.

चाचांनी पुन्हा त्यांच्याकडे बघितलं. अण्णांनी पंपाचा दांडा ओढला होता. पाणी सुटलं. आबांनी बोलायला तोंड उघडलं, आणि नेमका त्याच वेळी सायरनमागून कारखान्याचा चिटबॉय मोटरसायकलवर येऊन ठेपला. चिटबॉय म्हणजे शेतात येऊन उसाची नोंद आणि तोड बघणारा माणूस. त्याने गाडी स्टँडवर लावली आणि विचारलं, “आबा, काय झालं?”

आबांनी वर बघितलं. “तारंची ठिणगी पडली.” आणि मग, आपलाच डाव डोळ्यांदेखत भिजत असताना, त्यांना अण्णांकडे वळून हात जोडावे लागले. “लई उपकार झालं, पाव्हणं. तुम्ही व्हता म्हणून.”

“आमचं कामच हाय ते,” अण्णा म्हणाले.

शेताच्या मधोमध पाट होता, तिथे आग अडवली. अर्धा ऊस काळा आणि अर्धा हिरवा राहिला. मी ओल्या साडीने उभी होते आणि मला इतका अभिमान वाटत होता की काय सांगू. लोक माझ्याकडे बघून हसत होते. मला वाटलं, कौतुकाने.

संध्याकाळी सासूबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या, “कशाला गं केलास फोन?”

“आग लागली होती म्हणून.”

“लागली न्हवती,” त्या म्हणाल्या, आणि भाकरी उलटली.

मग एकेक कळत गेलं. आबांना माहीत होतं, सासूबाईंना माहीत होतं, माझ्या नवऱ्याला माहीत होतं. शेजारच्या काकांना तर सांगायलाच लागतं, नाहीतर त्यांचा ऊस जळेल. ट्रॅक्टरवाल्याला माहीत होतं. माझ्या शाळेत जाणाऱ्या मुलीलासुद्धा सकाळी सांगून ठेवलं होतं की आज शेताकडे जायचं नाही. घरात आणि घराबाहेर माहीत नसलेली मी एकटी. नवऱ्याला विचारलं, “मला का नाही सांगितलं?” तर म्हणाला, “आबा म्हणले, नको.” “का नको?” “ते मी न्हाई विचारलं.” याला मी काय म्हणावं? कंपनीत मशीन बंद पडलं तर हा माणूस दहा जणांना कारणं विचारतो.

पुढचे दिवस वाईट गेले. जळका ऊस तोडायला टोळी आली, पण बंबाच्या पाण्याने वावरात एवढा चिखल झाला होता की ट्रॅक्टर आत जाईना. हिरवा अर्धा तसाच उभा राहिला, त्याची तोड आणखी लांबली. गावाला तर विषयच मिळाला. मेडिकलमध्ये येऊन लोक क्रोसिनच्या गोळ्या मागायचे आणि जाता जाता म्हणायचे, “वहिनी, आज घरी चूल पेटवायचीय, वडलांना विचारून घेता का?” मी गोळ्यांबरोबर दोन शब्दही द्यायचे. तरी ते हसतच जायचे.

पण ते परवडलं. खरा त्रास घरातला होता, कारण घरात कोणी रागावतच नव्हतं. मला वाटलं होतं आबा बोलतील, आरडाओरडा करतील, मग मीही काहीतरी बोलेन आणि विषय संपेल. आबा उलट जास्तच मऊ झाले. पाहुणे आले की त्यांना सांगायचे, “आमचं व्याही म्हंजी देवमाणूस. हाकंला धावून आलं.” हा टोमणा होता की खरंच कौतुक, हे मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून बघून शोधायचे. कळायचं नाही. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणायच्या, “त्यात काय टोमणा?” आणि हाही टोमणा आहे की काय, असं मला वाटायचं.

आणि अण्णा यायचे बंद झाले. रोजचा फोन व्हायचा, पण सुट्टीच्या दिवशी ते येईनात. एकदा गुडघे दुखत होते, एकदा एसटी चुकली, एकदा कोणाची तरी बदली ड्यूटी होती. मी आबांना म्हणायचे, “तुम्ही बोलवा ना त्यांना.” आबा म्हणायचे, “त्यांची नोकरी लई जिकिरीची, कशाला तरास द्यायचा?” म्हणजे कोण कोणावर रागावलंय? मी विचारलं की दोन्ही घरं म्हणायची, कोणीच नाही. ओट्यावरच्या खाटेवर आता आबा एकटेच बसायचे. मला वाटायचं, माझ्या एका फोनने मी या दोन माणसांची उठबस मोडली. मग वाटायचं, मी काय चूक केली? आग दिसली, बंब बोलावला. एवढी सरळ गोष्ट माझ्याच बाबतीत वाकडी का व्हावी? दोन्ही खरं वाटायचं आणि मला रडू यायचं.

उन्हाळ्यात माहेरी गेले तेव्हा केंद्रावर गेले. अण्णा गाडी घेऊन झाडांना पाणी घालायला गेले होते. बाहेरच्या बाकावर चाचा बसले होते. त्यांना मी सरळ विचारलं, “चाचा, त्या दिवशी अण्णांनी ‘मारू का राखू’ का विचारलं नाही? मी रडत होते म्हणून घाबरले का ते?”

चाचा म्हणाले, “तुझा बाप आन् घाबरंल? बेटा, त्याला समदं कळलं व्हतं. बांधाकडचं पाचट वढून मोकळा पट्टा काढलेला, आग पलीकडं जाऊ नये म्हणून. शेजारच्या सरीत पाणी सोडलेलं. असं कोण करतं? ज्याला पेटवायचंय त्योच करतो. आंधळ्यालाबी दिसलं असतं.”

“मग?”

“मीबी त्येच इचारलं, माघारी जाताना गाडीत. मंग म्हणला, समदी हात बांधून उभी व्हती आन् माझी पोर एकटी बादली घेऊन पळत व्हती. मी पाणी मारलं न्हाई तर अख्ख्या गावाला कळंल, का घरात समद्यांना म्हाईत आन् हिलाच न्हाई. त्यापरीस मला येडा म्हणू दे.”

पट्टा, सरीतलं पाणी, हे सगळं माझ्या पायाखालीच होतं आणि मी त्यातूनच बादल्या भरत होते. तेवढ्यात बंब आला. अण्णा उतरले, मला बघून खुश झाले आणि म्हणाले, “चहा घेतलास का?” मी घेतला म्हणाले. मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं आणि त्यांच्याशी भांडावंसंही वाटत होतं. दोन्ही केलं नाही. कंत्राटी पोरं बघत होती.

घरी परतले ती तडक ओट्यावर गेले. आबा खाटेवर बसले होते. मी म्हणाले, “आबा, त्या दिवशी अण्णांना कळलं होतं.”

“म्हाईत हाय,” आबा म्हणाले. “पट्ट्यावरच उभं व्हतं ते.”

“मग त्यांना बोलवत का नाही?”

“कुठल्या तोंडानं बोलवू? मी तारंची ठिणगी म्हणलो त्यांच्या तोंडावर. त्यांनी ऐकून घेतलं. दर सुट्टीला माझ्यासंगं बसणारा माणूस, आन् मी त्याच्याशी असं बोललो.”

“आणि मला का नाही सांगितलं?” मी विचारलं. “मी परकी म्हणून? बंबवाल्याची मुलगी म्हणून?”

आबांनी माझ्याकडे बघितलं, मग अंगणाकडे. “तुझा फोन रोज जातो त्यांना. सांगितलं असतं, तर तुला बापाशी खोटं बोलाया लागलं असतं. त्ये मला नगं वाटलं.”

एकाने मला खोटं बोलावं लागू नये म्हणून सांगितलं नाही. दुसऱ्याने, मला सांगितलेलं नाही हे कोणाला कळू नये म्हणून स्वतःला वेडा म्हणवून घेतलं. दोघांनी मला वाचवलं होतं, आणि दोघांपैकी एकानेही मला विचारलं नव्हतं. मला उपकार वाटावेत की संताप यावा, हे ठरेना. शेवटी संताप आधी आला. “पुढच्या वेळी सांगा,” मी म्हणाले. “खोटं बोलायचं की नाही ते माझं मी बघीन.”

“बरं,” आबा म्हणाले. ते एवढ्या लगेच बरं म्हणतील असं मला वाटलं नव्हतं.

यंदाही तोड लांबली. परवा दुपारी मी भाकऱ्या थापत होते तर आबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. ते कधी तिथे येत नाहीत. “वरचा तुकडा आज पेटवायचाय,” ते म्हणाले. “ऊन उतरल्यावर. तुला सांगून ठेवतो.” आणि गेले. सासूबाईंनी माझ्यापुढचं पीठ स्वतःकडे ओढून घेतलं, म्हणजे आता तू यात आहेस, भाकऱ्या मी बघते. या क्षणाची मी वर्षभर वाट पाहिली होती, तो आला की मला फार बरं वाटेल असं वाटलं होतं. बरं वाटलंही.

तेवढ्यात फोन वाजला. अण्णा होते.

“काय चाललंय?”

“काही नाही. स्वयंपाक.”

“मी आज तुमच्याच बाजूला आलोय. मोटर पंपाच्या कामाला, चाचाच्या गाडीवर. सुट्टी हाय. म्हणलं, यावं का घरी? किती दिस झालं, आबांनाबी भेटलो न्हाई.”

वर्षभर ज्या एका वाक्यासाठी मी दोन्ही घरांच्या मागे लागले होते, ते वाक्य कानात होतं. बाहेर आबा टॉवेल झटकत होते. अण्णा आत्ता आले असते तर ओट्यावर बसले असते, आणि ऊन उतरल्यावर धूर दिसला असता, आणि मग पुन्हा कोणालातरी तारेकडे बघावं लागलं असतं.

“आज नको अण्णा,” मी म्हणाले. “घरात कोणी नाही. सगळे लग्नाला गेलेत. उद्या या. उद्या नक्की या.”

फोनमध्ये त्यांच्या बाजूच्या रस्त्यावरून एक गाडी गेलेली ऐकू आली.

“बरं,” ते म्हणाले. “उद्या येतो.” आणि ठेवता ठेवता म्हणाले, “आज वारं नदीकडनं हाय.”

मी फोन ठेवला. माझे हात पिठाचे होते, ते तसेच घेऊन मी ओट्यावर गेले आणि आबांना म्हणाले, “वारं नदीकडून आहे. शेजारच्या बांधावर दोन माणसं जास्त लावा.”

आबांनी नदीकडे तोंड करून वारा बघितला. मग मला विचारलं, “कुणी सांगितलं?”

“कुणी नाही,” मी म्हणाले. “मला कळतं.”